पोरांना नेमबाजीला घालायचंय? बंदूक सगळ्यात शेवटी घ्या

जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ना, सारंगखेड्याला, मुक्ताईनगरला, गावोगावच्या जत्रेत, आपल्याकडच्या बहुतेक पोरांचा नेमबाजीशी पहिला संबंध तिथेच येतो. आमच्या पोरीचाही तिथेच आला. दहा छर्रे, सात फुगे, आणि घरी येईपर्यंत बाईसाहेबांचं ठरलेलं की मला हेच शिकायचंय. मी पण उत्साहात, दुसऱ्याच दिवशी ओळखीतल्या एकाकडून एअरगन आणायला निघाले होते. नशीब की त्याआधी एका कोचना फोन लावला, ते म्हणाले, "ताई, बंदूक घेऊ नका, आधी पोरीला घेऊन या." त्या एका वाक्याने माझे पैसेही वाचले आणि पोरीला चुकीच्या सवयीही लागल्या नाहीत, म्हणून मी आता जो भेटेल त्याला हेच सांगते, आणि इथे सगळं ओळीने लिहून काढतेय कारण भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या आईबापांना हे सांगणारं पटकन कोणी सापडत नाही.

सुरुवात पोरापासून करा. मोबाईलवरच्या गेममध्ये धडाधड गोळ्या मारायला आवडतात म्हणून नेमबाजी आवडेलच असं अजिबात नाही. इथे पोरगं एका जागी उभं राहतं, श्वास सावरतं, एक छर्रा मारतं, परत सगळं पहिल्यापासून. मोठ्यांच्या मॅचमध्ये ६० शॉट असतात आणि त्याला सव्वा तास मिळतो, म्हणजे सव्वा तास स्वतःच्याच डोक्याशी भांडायचं. जी पोरं तासभर रांगोळी काढत बसतात, पतंगाचा मांजा न कंटाळता सोडवतात त्यांना हे लवकर जमतं, पण चंचल पोरांनी नाव काढू नये असंही नाही, आमच्या क्लबातला एक पोऱ्या घरी एक मिनिट बसत नव्हता आणि फायरिंग लाईनवर गेला की पुतळा व्हायचा. वयाचं म्हणाल तर साधारण दहा-अकरापासून सुरुवात बरी. त्याआधी वजन पेलत नाही आणि सूचना डोक्यात राहत नाहीत.

रेंजवर जायच्या आधी दोन कामं घरीच उरकून घ्या. एक, डोळ्यांची तपासणी. नंबर असला तरी काही बिघडत नाही, चष्मा लावून खेळणारे भरपूर आहेत, पण नंबर आहे हेच माहीत नसलं तर पोरगं सहा महिने उगीच स्वतःला नावं ठेवत बसतं. दुसरं, कोणता डोळा जोरात आहे ते बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी खिडकी करायला सांगा, त्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो नेमाचा डोळा. हात उजवा आणि डोळा डावा असं निघालं तर घाबरू नका, फक्त पहिल्याच दिवशी कोचच्या कानावर घाला. आणि दुसरा डोळा मिटून नेम धरायची सवय घरी लावू नका, मिटल्याने चेहरा ताणला जातो आणि उघडा डोळाही थकतो. शूटर लोक त्या डोळ्यापुढे एक छोटी पट्टी लावतात, तिला ब्लाइंडर म्हणतात, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवतात.

आता रेंज. खरं सांगायचं तर आपल्याकडे मुंबई-पुण्यासारखं नाही, तिकडे वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, बालेवाडीला क्रीडा संकुलात रेंज, इकडे शोधावं लागतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन सरळ विचारा की जिल्ह्यात नेमबाजी कुठे चालते, शालेय स्पर्धा तेच घेतात त्यामुळे कोणत्या शाळेची पोरं येतात आणि त्यांना कोण शिकवतं हे त्यांना ठाऊक असतं. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनचा पत्ताही तिथेच मिळेल. कॉलेजमधल्या मोठ्या पोरांना एनसीसी हाही रस्ता आहे, ऑलिंपिक नेमबाज अंजली भागवत यांनी पहिल्यांदा रायफल धरली ती एनसीसीतच. भुसावळ-वरणगावच्या लोकांना तर ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे काडतूस, दारूगोळा हे शब्द घरचेच, तरी फॅक्टरीत नोकरी असणं आणि पोरांना खेळ शिकवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, ओळखीच्या काकांना हाताळता येते म्हणून त्यांच्याकडे शिकायला पाठवू नका.

रेंज सापडली की पहिल्या दिवशी फी भरू नका. एक तास नुसतं मागे खुर्ची टाकून बसा. बंदुकीचं तोंड कायम टार्गेटकडेच आहे का बघा. कोणी टार्गेट बदलायला पुढे गेलं तर बाकी सगळ्यांनी बंदुका खाली ठेवून हात बाजूला घेतलेत का बघा. कोच फायरिंग चालू असताना फोनवर बोलतोय का, आणि पोरगं नळी इकडेतिकडे फिरवतंय तर त्याला जागच्या जागी थांबवतो का. आम्ही बघितलेल्या पहिल्या जागी दोन पोरं लाईनच्या पुढे जाऊन छर्रे वेचत होती आणि मागे तिसरं पोरगं नेम धरून उभं. आम्ही चहा पण न घेता परत आलो. फी कमी होती, घरापासून जवळ होतं, तरी नाही. पोरगी असेल तर बाथरूमची सोय आणि पालकांना आत बसू देतात का हेही तेव्हाच विचारून घ्या, बसू देत नसतील तर दुसरीकडे बघा.

सेफ्टीवर मी जास्त लिहिणार आहे, कारण लोक म्हणतात छर्र्याचीच तर आहे. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो आणि तो डोळा घालवू शकतो, एवढं एकच लक्षात ठेवा. पोराला पहिल्या महिन्यात हे झोपेतसुद्धा सांगता आलं पाहिजे: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, तोंड टार्गेटशिवाय कुठेही फिरवायचं नाही, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि कोणी "स्टॉप" म्हटलं की त्या सेकंदाला थांबायचं, अर्धा दाबलेला ट्रिगर पण सोडून द्यायचा. बंदूक वापरात नसली की नळीतून एक भडक रंगाची प्लॅस्टिकची दोरी आरपार घालून ठेवतात, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात, ती दिसली की लांबूनच कळतं की आत छर्रा नाही.

या दोरीचं महत्त्व मला एका दिवाळीत कळलं. घरात पाहुणे, ओट्यावर गप्पा, आणि आतल्या खोलीत माझ्या भाच्याने पोरीच्या रायफलची पेटी, म्हणजे केस, उघडून रायफल बाहेर काढली आणि गंमत म्हणून दारातून येणाऱ्या आजीवर धरली. आत छर्रा नव्हता, फ्लॅग लावलेला होता, छर्रे वेगळ्या कपाटात कुलपात होते. तरी माझे हातपाय गार पडले. आमच्या पोरीने ओरडाआरडा न करता त्याच्या मागून जाऊन नळी हाताने जमिनीकडे दाबली, रायफल काढून घेतली आणि त्याला म्हणाली, "दादा, असं कोणावर धरत नाहीत." सासूबाई आधीपासूनच म्हणत होत्या, "पोरना हातमा बंदूक कसाले देतस?" त्या दिवसानंतर त्यांनी नातीला तो प्रश्न विचारला नाही, पण मी मात्र केसला नंबरचं कुलूप लावलं. तुम्ही ते पहिल्याच दिवशी लावा. बंदूक एका कपाटात, छर्रे दुसऱ्यात, किल्ली मोठ्यांकडे, आणि पाहुण्यांना "दाखव ना जरा" म्हणायची सोयच ठेवू नका.

अजून एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगते. केळीच्या बागेत माकडं येतात, पिकात डुकरं घुसतात, मग घरात एअरगन आहेच तर घेऊन जाऊ असं घरातलाच कोणीतरी म्हणतो. अजिबात देऊ नका. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ पासून आहे, पोपटावर छर्रा मारला तरी गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पोराने बंदूक फक्त कागदावर चालवायची असं शिकलंय त्याच्यासमोर तीच बंदूक जिवावर रोखलेली दिसली तर आपण शिकवलेलं सगळं तिथेच पुसलं जातं.

रायफल की पिस्तूल? हे पहिल्या दिवशी ठरवू नका, दोन्ही धरून बघू द्या. दोन्हीचं अंतर १० मीटरच. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्याला, वजन किलोच्या आसपास. रायफल जड, साडेपाच किलोपर्यंत चालते, सोबत जाड कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह असा सगळा सरंजाम, म्हणजे खर्च जास्त. पिस्तुलाला कपड्यांचा खर्च नाही पण हात स्थिर व्हायला वेळ फार लागतो. टार्गेटचा फरक बघितला की गंमत कळते. पिस्तुलाचा दहा गुणांचा मधला गोल साडेअकरा मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पेनाचं टोक कागदावर टेकवलं की जेवढं उमटेल तेवढाच, आणि त्याच्याभोवतीचं सगळं काळं वर्तुळ मिळून दहा रुपयाच्या नाण्याहून जरासंच मोठं. रायफलमध्ये पण नेम धरायच्या साईटचे दोन प्रकार दिसतील, ओपन साईट म्हणजे उघड्या खाचेतून बघायचं आणि पीप साईट म्हणजे बारीक भोकातून. शालेय स्पर्धांमध्ये दोन्ही असतात, नव्या पोराला कोच बहुतेक ओपन साईटपासून सुरू करतात, ते ऐका.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत पोरगं घरी येऊन म्हणेल की आज पण फक्त उभंच राहिलो. बरोबर आहे, तसंच असतं. आधी रायफल टेकवून, मग टेका काढून, मग नुसतं होल्डिंग म्हणजे नेम धरून स्थिर राहायचं, मग ड्राय म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा सराव. कितीतरी कोच सुरुवातीला कोऱ्या कागदावर मारायला लावतात, वर्तुळच नाही, कारण वर्तुळ दिसलं की पोरगं दहाच्या मागे धावतं.

इथे आईबापाने एक गोष्ट शिकून घ्यावी, ग्रुप बघायला, म्हणजे छर्र्यांची भोकं एकमेकांच्या किती जवळ पडलीत ते. आमची पोरगी एकदा रडवेली होऊन कार्ड, म्हणजे टार्गेटचा कागद, घेऊन आली, पाच शॉट, सगळे सात आणि सहाचे, खाली डावीकडे. मी समजूत घालायला लागले तर कोचनी कार्ड उजेडावर धरलं. पाचही भोकं एकमेकांत घुसून एकच फाटलेलं भोक झालं होतं, करंगळीच्या नखाने झाकलं जाईल एवढं. सर म्हणाले हे आत्तापर्यंतचं सगळ्यात भारी कार्ड आहे, पाचही वेळा पोरीने अगदी एकसारखं केलंय, साईट सरकवायची फक्त. साईटचा स्क्रू चार-पाच क्लिक फिरवला आणि तोच ग्रुप मध्ये येऊन बसला. उलट एक दहा, एक नऊ, एक पाच असं विखुरलेलं कार्ड असेल तर त्या दहाचं कौतुक करून उपयोग नाही. म्हणून घरी आल्यावर "किती दहा?" विचारू नका, "ग्रुप कसा बसला?" विचारा. पोराला पण कळतं की आईला कळतंय.

ट्रिगर झटक्याने दाबणे आणि शॉट सुटल्या सुटल्या मान वर करून बघणे, या दोन खोडी सगळ्यांना असतात. शॉट गेल्यावरही दोन सेकंद तसंच नेमात राहायचं, त्याला फॉलो थ्रू म्हणतात. घरी पांढऱ्या भिंतीसमोर रोज पंधरा मिनिटं होल्डिंग-ड्राय केलं तरी पुष्कळ, पण छर्र्यांची डबी त्या खोलीतच नको आणि कोचनी दाखवल्याशिवाय कोणत्याही बंदुकीचं ड्राय करू नका, काही बंदुका रिकाम्या चालवल्या की आतून खराब होतात. सोबत पोट-पाठीचे व्यायाम हवेतच, रायफलवाल्या पोरांची कंबर एका बाजूला वाकून तासन्‌तास उभी असते, वाढत्या वयात ते सोसायला दुसऱ्या बाजूनेही ताकद लागते. आणि मन शांत ठेवायचं शिकवणारे भीष्मराज बाम सर तर आपल्या शेजारच्या नाशिकचेच, पोलिस खात्यात मोठे अधिकारी होते, अंजली भागवतसारख्या नेमबाजांना त्यांनी योगाच्या अंगाने तयार केलं. त्यामुळे श्वासाचा सराव, प्राणायाम हे उगीच लावलेलं शेपूट समजू नका.

छर्रा शिशाचा असतो, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. फायरिंग झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत (पोरं धरतात, खरंच), आणि रेंजची फरशी झाडत असतील तर पोराला धुळीत उभं करू नका.

खरेदीचं आता बोलू, आता म्हणजे चार-सहा महिने क्लबच्या बंदुकीवर काढल्यानंतर. आधी ग्लोव्ह आणि ब्लाइंडर घ्या, मग बूट, मग जॅकेट, बंदूक शेवटी. जॅकेट नवं कोरं शिवून घेऊ नका, पोरगं वर्षात वाढतं, क्लबमधल्या मोठ्या पोरांचं जुनं मिळतं ते बघा. बाहेरच्या देशातली मॅच रायफल आजकाल दोन लाखांच्या पुढे जाते, आपल्या देशात बनलेल्या त्याच्या बऱ्याच खाली मिळतात आणि पहिल्या दोन वर्षांना तेवढं पुरतं. एका कापसाच्या हंगामाचे पैसे पोराच्या हट्टापायी एका दिवसात घालवू नका. छर्र्यांचा हिशेब पण मांडा, ५०० ची डबी, रोज ६० शॉट म्हटलं तर आठ दिवसांत संपली.

कायद्याचं साधं आहे: पॉइंट १७७ बोअरची (म्हणजे तोच साडेचार मिलिमीटरचा छर्रा) आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल किंवा पिस्तूल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. पण दुकान रीतसर असलं पाहिजे, ओळखपत्र द्या, पक्कं बिल घ्या आणि बिलाची झेरॉक्स कायम केसमध्ये ठेवा. सेकंडहँड घेताना सगळ्यात आधी बंदुकीला जोडलेल्या, छर्रा ढकलणाऱ्या दाबलेल्या हवेच्या सिलेंडरवरची तारीख बघा. त्यात २०० बार दाब असतो, वापरायची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं, मुदत संपलेलं सिलेंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरात ठेवायलाही धोक्याचं. आणि आपला मे महिना विसरू नका, जळगावला पारा ४४-४५ ला जातो, बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त, भरलेलं सिलेंडर डिकीत ठेवून लग्नाला गेलोय असं एकदाही होऊ देऊ नका. उन्हाळ्यात प्रॅक्टिस सकाळी सातच्या आत उरका, त्या जाड जॅकेटमध्ये पोरगं घामाने निथळतं, मीठ-साखरेचं पाणी सोबत द्या.

स्पर्धांची शिडी दोन बाजूंनी चढता येते. शाळेकडून गेलं तर १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, आधी जिल्हा, मग आपला नाशिक विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय शालेय. यासाठी शाळेतल्या पीटीच्या सरांना जूनमध्येच भेटा, बोनाफाईड, जन्मदाखला, आधार सगळं तयार ठेवा, एण्ट्रीची तारीख गेली की कोणी ऐकत नाही. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात ते या कागदांवरच, त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. दुसरी बाजू असोसिएशनची, राज्य स्पर्धा, मग ग. वा. मावळंकरांच्या नावाची स्पर्धा, मग राष्ट्रीय. मावळंकर म्हणजे आपल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष, १९५१ ला नॅशनल रायफल असोसिएशन सुरू झाली तेव्हा तिचेही पहिले अध्यक्ष तेच. इथे प्रत्येक पायरीला ठरावीक स्कोअर लागतो. पोरात खरंच दम दिसला तर राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची (निवडक पोरांना ठेवून घेऊन खेळ शिकवतात ती) चौकशी करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे त्याच वाटेने नाशिकला येऊन नेमबाज झाला आणि २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेऊन आला. कांबळवाडी काही पुणे-मुंबई नाही, आपल्या चोपडा-शिरपूरच्या गावांसारखंच गाव आहे.

भुसावळहून रेल्वेने जाताना रायफल कुलूपबंद केसमध्ये, फ्लॅग लावून, सोबत बिल, क्लबचं पत्र आणि स्पर्धेचं परिपत्रक. पोलिसांनी विचारलं तर शांतपणे कागद दाखवा, आम्हाला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा पाच मिनिटांत मिटलं. केस सीटखाली साखळीने बांधा आणि डब्यात उघडून कोणाला दाखवू नका.

स्पर्धेच्या आदल्या रात्री शेवभाजी, भरीत-पुरी नको, सवयीचं साधं जेवण, सकाळी चहा-कॉफी टाळा, हात थरथरतो. रेंजमध्ये पोरगं उभं राहिलं की तुम्ही त्याच्या नजरेत येणार नाही असे मागे बसा. स्क्रीनवर आकडा पडला की तोंडातून "अरेरे" निघू देऊ नका, पाठमोऱ्या पोराला ते ऐकू येतं, मी हे करून बसलेय आणि पुढचे तीन शॉट कसे गेले ते मला अजून आठवतं. मॅच संपली की आधी पाण्याची बाटली द्या, जॅकेटचे पट्टे सोडवायला मदत करा, हात धुवायला लावा, डबा खाऊ द्या. स्कोअरचं पोरगं स्वतः बोलेल, बहुतेक परतीच्या गाडीने मनमाड सोडल्यावर.